नागपुरात फ्रेममधली जुनी मुखपृष्ठं दर वर्षी फुगतात आणि काचेला चिकटतात: कारण आणि उपाय

तक्रार जवळपास एकसारखी असते. जुन्या दिवाळी अंकाचं किंवा मासिकाचं मुखपृष्ठ हौसेनं फ्रेम करून हॉलमध्ये लावलं. थंडीभर सुरेख दिसलं. जुलै उजाडेपर्यंत कागदाला लाटा आल्या आणि काचेच्या आतून कुठे कुठे ओलसर, काळपट डाग दिसायला लागले. फ्रेम उघडली, जाड पुस्तकांखाली दाबून कागद सपाट केला, परत लावला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. शेवटी घरातलं कोणी म्हणतं, जुना कागद आहे, पावसाळ्यात फुगणारच.

नागपुरापुरतं हे निदान बहुतेक वेळा अपुरं ठरतं. मृगाचा पाऊस पडायच्या दोन-अडीच महिने आधीच आपल्याकडे कूलर सुरू झालेला असतो. नुकसानीची सुरुवात तिथे होते, पावसाळ्यात ती डोळ्यांना दिसते एवढंच. कूलर, बाहेरची तापलेली भिंत आणि काचेला टेकलेला कागद या तीन गोष्टी एकत्र आल्या की मुखपृष्ठ फुगतंच. तिघांपैकी एक तरी काढून टाकल्याशिवाय दाबून सपाट करण्याला काही अर्थ नाही.

मुंबईच्या संग्राहकांचे सल्ले इथे अर्धेच कामाला येतात, त्याचंही कारण हेच आहे. तिथली हवा वर्षातला बराच काळ दमट असते, कागद त्या दमटपणात एका पातळीला स्थिरावतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, दुपारच्या बाहेरच्या हवेत आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली उतरते आणि त्याच दुपारी कूलरच्या खोलीत ती ७० च्या आसपास असते. कागदाला असे झटके रोज बसतात.

आधी लाटा नीट बघा

फ्रेम भिंतीवरून उतरवा, टेबलावर आडवी ठेवा, खोलीतला दिवा बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च फ्रेमच्या कडेला, काचेला जवळजवळ समांतर धरा. समोरून न दिसणारं सगळं या तिरप्या उजेडात उठून दिसतं.

लाटा वरून खाली, म्हणजे अंकाच्या कण्याला समांतर गेल्या असतील तर कागद ओल पिऊन रुंदीत वाढलाय. छपाईच्या कागदातले तंतू बहुधा कण्याच्या दिशेनं असतात. ओल लागली की तंतू लांबीत फारसा वाढत नाही, जाडीत वाढतो. म्हणून कागद आडवा पसरतो आणि उभ्या लाटा उठतात. पावसाळ्यात लाकडी दार रुंदीत फुगून चौकटीत अडकतं, उंचीत नाही, तसंच हे. मासिकाच्या रुंदीत ही वाढ मिलिमीटरभराची असते, पण चारी बाजूंनी दाबलेल्या कागदाला तेवढीही जागा मिळत नाही.

कडा लहरी आणि मधला भाग सपाट असेल तर ओल कडेनं शिरली आहे. फ्रेमची मागची बाजू नीट बंद केलेली नाही असं समजा. उलट कडा ताठ आणि मध्ये फुगवटा दिसत असेल तर कागद चारी कडांनी चिकटवलेला आहे. त्याला सुटायला वाव नव्हता म्हणून तो मध्ये उचलला गेला. फक्त खालच्या एका कोपऱ्यातून लाटा निघत असतील तर भिंतीला हात लावून बघा, तिथे ओल सापडेल. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराची पाइपलाइन त्याच भिंतीतून जात असल्याचं अशा वेळी बरेचदा निघतं.

आता ते काळपट, ओलसर दिसणारे डाग. त्यांच्याभोवती तेलाच्या तवंगासारखी सप्तरंगी वर्तुळं दिसली तर तो डाग ओलीचा नाही. कागदाचा छापील पृष्ठभाग काचेला अगदी घट्ट भिडला आहे, त्याची ती खूण. अजून चिकटला नसेल, पण वाट तीच आहे. हे लक्षण सगळ्यात आधी हाताळा, कारण लाटा पुढे कधीही बऱ्याच अंशी सपाट करता येतात, काचेला चिकटलेला रंग मात्र परत मिळत नाही.

कूलर नेमकं काय करतो

आपल्या घरांत फ्रेम लावायची जागा ठरलेली असते: हॉलची मोठी भिंत, सोफ्याच्या वर. फ्लॅटमध्ये ही भिंत पुष्कळदा बाहेरची आणि पश्चिमेची असते. खिडकीतल्या कूलरचा झोत नेमका तिच्यावर येतो, कारण सोफ्यावर बसणाऱ्यालाच तर वारा हवा असतो.

दुपारी तीन वाजता त्या फ्रेममध्ये काय चाललेलं असतं ते बघा. मागची भिंत उन्हानं तापलेली. तिला टेकलेला हार्डबोर्ड तापतो आणि आदल्या रात्री कूलरच्या हवेतून प्यायलेली ओल सोडायला लागतो. समोरची काच कूलरच्या झोतानं गार. गरम बाजूनं सुटलेली ओल गार बाजूकडे सरकते. मध्ये कोण आहे? तुमचं मुखपृष्ठ. ते काचेला टेकलेलं असेल तर ओल त्याच्या छापील बाजूवरच साठते. रात्री भिंत निवते, कूलर चालूच असतो, हार्डबोर्ड पुन्हा ओल पितो. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच फेरा. एप्रिलपासून जूनपर्यंत हे रोज चालतं. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, संपून पाऊस लागतो तेव्हा कागद थकलेला असतो आणि सततच्या ८० टक्के आर्द्रतेत तो उघडपणे फुगतो. आपण दोष पावसाला देतो.

कागद कोणता आहे यावर पुढचं अवलंबून. जुन्या मासिकांची काही मुखपृष्ठं साध्या, खरखरीत कागदावर आहेत. हा कागद लाटा धरतो पण सहसा काचेला चिकटत नाही. बऱ्याच दिवाळी अंकांची, रंगीत चित्रं नीट उतरावीत म्हणून गुळगुळीत आर्ट पेपरवर छापलेली मुखपृष्ठं जास्त धोक्यात असतात. आर्ट पेपरवर पांढऱ्या मातीचा आणि चिकट द्रव्याचा लेप असतो. ओल लागली की लेप मऊ होतो आणि सुकताना काचेला धरून बसतो. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) किंवा रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) यांची चित्रं असलेले अंक ज्यांच्याकडे आहेत त्यांनी हे फार गांभीर्यानं घ्यावं. मुळगावकरांच्या चित्रात एका रंगातून दुसऱ्यात विरघळत जाणाऱ्या ज्या मऊ छटा असतात, त्यांच्यावर नखाएवढा डाग पडला तरी चेहऱ्याचा सगळा गोडवा जातो. तो भाग कुठल्याही उपायानं परत आणता येत नाही.

खात्री करून घ्या

माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा मोजून बघा. तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र काही शे रुपयांत मिळतं. ते फ्रेमच्या शेजारी, त्याच उंचीवर भिंतीला लावा. सकाळी उठल्यावर, भर दुपारी आणि रात्री झोपताना असे तीन आकडे आठवडाभर लिहून ठेवा. मग तेच यंत्र आतल्या खोलीच्या मधल्या भिंतीवर लावून पुन्हा आठवडाभर लिहा.

कागदासाठी ४५ ते ५५ टक्के आर्द्रता उत्तम. घरात तेवढं जमणार नाही आणि जमवायचा अट्टहासही नको. आकडा ६५ च्या वर फार काळ राहू नये, कारण त्याच्या पुढे बुरशीला सोयीचं होतं, आणि दिवसभरात तो पंधरा-वीस टक्क्यांपेक्षा जास्त वरखाली होऊ नये. ज्या भिंतीवर हे दोन्ही साधतं ती मुखपृष्ठाची भिंत. ती हॉलमध्ये नसून जिन्याजवळच्या बोळात निघाली तरी चालेल. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांमधल्या जाड मातीच्या आतल्या भिंती या बाबतीत नव्या फ्लॅटपेक्षा सरस आहेत, त्या हळू तापतात आणि हळू निवतात. मात्र त्याच वाड्यांत जमिनीलगतच्या तीन-चार फुटांत ओल चढलेली असते, तेव्हा फ्रेम त्याच्या बरीच वर हवी.

फ्रेमच्या आत सिलिका जेलची पुडी टाकायचा सल्ला सर्रास दिला जातो. ज्या फ्रेममध्ये हवा ये-जा करते तिथे ती पुडी थोड्याच दिवसांत पोटभर ओल पिऊन गप्प बसते. पुढे तिचा उपयोग शून्य. वर पुडीचा उंचवटा कागदाला मागून ढोसत राहतो.

फ्रेम उघडताना

फ्रेम काच खाली करून मऊ चादरीवर ठेवा. मागचे खिळे पकडीनं सरळ वर ओढा. हार्डबोर्ड एकदम उचलू नका. एक कोपरा जरासा वर घेऊन आत टॉर्च टाका आणि मुखपृष्ठ बोर्डाबरोबर वर येतंय की काचेवर राहतंय ते बघा.

बोर्डाबरोबर येत असेल तर ते मागून चिकटवलेलं आहे, काचेपासून मात्र सुटं आहे. काचेवर राहिलं आणि सगळीकडून सहज हलतंय, तर उत्तम. हलता हलता एका जागी अडलं तर तिथेच थांबा.

मागचा हार्डबोर्ड बघा. त्याच्या तपकिरी छटेचं प्रतिबिंब मुखपृष्ठाच्या मागच्या बाजूवर उमटलेलं दिसेल. हार्डबोर्ड आणि स्वस्त पुठ्ठा आम्लयुक्त असतो, ते आम्ल कागदात उतरतं आणि कागद पिवळा, ठिसूळ होत जातो. हा बोर्ड परत वापरायचा नाही, त्याच्यावर पांढरा कागद लावूनही नाही.

पांढरट, हिरवट किंवा करडी लव दिसली तर ती बुरशी. फ्रेम तशीच बाल्कनीत न्या, तोंडाला मास्क लावा. ओल्या फडक्यानं पुसू नका, त्यानं बुरशी कागदात रगडली जाते. सावलीत, वाहत्या हवेत कागद पूर्ण सुकू द्या. लव कोरडी, भुकटीसारखी झाली की मऊ ब्रशनं हलक्या हातानं एकाच दिशेला झाडा. बारीक तांबूस ठिपके वेगळे. ते कागदातल्या लोहकणांमुळे किंवा जुन्या बुरशीमुळे पडतात, ब्रशनं जात नाहीत. त्यांना घरी ब्लीच लावून घालवायच्या फंदात पडू नका. ठिपका जाईल, पण तिथला कागदही पुढे तुटेल.

काचेला चिकटलं असेल तर

ओढू नका. हेअर ड्रायर, इस्त्री, वाफ, पाण्याचा फवारा, पातळ सुरी, दोरा, यातलं काहीही नको.

साध्या कागदाचं मुखपृष्ठ असेल तर एक शक्यता असते. मागचा बोर्ड काढून, काच खाली ठेवून फ्रेम कूलर नसलेल्या कोरड्या खोलीत राहू द्या. आपला कोरडा मार्च-एप्रिल इथे कामाला येतो. कागद आक्रसताना काही वेळा आपणहून काच सोडतो. सोडला नाही तर जबरदस्ती नाही.

आर्ट पेपर असेल तर तो सुटत नाही हेच गृहीत धरा. तो काचेसकट ठेवायचा. फुटलेली काच असेल तर मागून स्वच्छ पुठ्ठ्याचा आधार द्या आणि सपाट पेटीत ठेवा. मग काचेतूनच त्याची प्रत घ्या. इथे स्कॅनर निवडताना लक्ष हवं. हल्लीचे पातळ, स्वस्त स्कॅनर त्यांच्या स्वतःच्या काचेला टेकलेल्या गोष्टीच स्पष्ट टिपतात. मध्ये तुमची दोन मिलिमीटरची काच आली की चित्र पुसट येतं. जुन्या पद्धतीचे जाडजूड, सीसीडी सेन्सरचे स्कॅनर ही खोली पेलतात. तो नसेल तर दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे लावून कॅमेऱ्यानं फोटो काढा, काचेची चमक टळते. अंक खरोखर दुर्मीळ असेल तर कागदाचं संवर्धन शिकलेल्या माणसाकडेच न्यावं. या शास्त्रात काम करणारी केंद्र सरकारची राष्ट्रीय प्रयोगशाळा लखनौला आहे.

लाटा सपाट करणं

हे घाईचं काम नाही आणि प्रत्येक मुखपृष्ठावर करायचंही नाही. आधी शाई बघा. आपल्याकडे आलेले बरेच जुने अंक एके काळी कुठल्या तरी वाचनालयात फिरलेले असतात. त्यांच्यावर जांभळा रबरी शिक्का असतो, कोपऱ्यात शाईच्या पेनानं सभासद क्रमांक असतो. ओलीनं हे दोन्ही पसरतात. असा शिक्का असेल किंवा कागद आर्ट पेपर असेल तर ओल न देता, कोरडंच, दोन स्वच्छ टीपकागदांमध्ये ठेवून वर सपाट वजन द्या आणि महिनाभर विसरून जा. लाट पूर्ण जाणार नाही, निम्मी जाईल. तेवढी पुरे.

शाई पक्की आणि कागद साधा असेल तर झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा घ्या. तळाशी ओलसर, पण पाणी न गळणारा टीपकागद, त्याच्यावर थोड्या उंचीवर प्लॅस्टिकची जाळी, जाळीवर मुखपृष्ठ. झाकण लावा. दर दहा-पंधरा मिनिटांनी बघत राहा. कागद लवचीक वाटला, हाताला गार लागला की बाहेर काढा. मग टीपकागदांच्या मध्ये, वर काचेचा किंवा लाकडी फळीचा सपाट भार. पहिल्या दिवशी टीपकागद दोन-तीन वेळा बदला, पुढे आठवडाभर हलवू नका.

परत बसवताना

सगळं यश इथेच आहे, म्हणून इथे पैसे आणि वेळ दोन्ही द्या.

पहिली गोष्ट, काच आणि कागद यांच्यामध्ये हवा हवी. चित्राभोवती जाड माऊंटची, म्हणजे मधून कापलेल्या पुठ्ठ्याची, चौकट लावा किंवा काचेच्या कडेनं फ्रेमच्या आत पट्टी बसवा. दोन-तीन मिलिमीटर अंतर पुरे. फ्रेमची पट्टी मात्र खोल हवी, नाहीतर हा सगळा थर तिच्यात मावत नाही. नागपूरच्या बाजारात, सीताबर्डीवर किंवा इतवारीत, फ्रेम करून घेताना हे आधीच सांगावं लागतं, कारण दुकानातली रोजची सवय वेगळी असते. एका दुकानात झालेलं बोलणं असं होतं.

‘भाऊ, हे काचेला टेकवायचं नाही आणि मागून गोंदही लावायचा नाही.’

‘मग ते आत सरकणार ना. एकदा चिकटवून टाकू, बघायचं काम नाही पुन्हा.’

‘सरकणार नाही, कोपरे मी घरून लावून आणतो. तुम्ही फक्त पट्टी खोल घ्या आणि मागचा हार्डबोर्ड माझ्या बोर्डाच्या मागे लावा.’

त्यांनी तसं केलं, आणि चोखंदळपणे केलं. कारागिराला नेमकं काय हवं ते सांगितलं तर तो ऐकतो. ‘जरा जपून करा’ एवढं सांगून काही होत नाही. लॅमिनेशन करून घ्या असा सल्ला मिळाला तर मात्र ठाम नकार द्या. ते पुन्हा निघत नाही.

माऊंट आणि मागचा बोर्ड आम्लरहित हवा. विकणारा ‘अ‍ॅसिड-फ्री’ म्हणतो तेवढ्यावर विसंबू नका. त्यासाठी तपासणीचं पेन मिळतं. बोर्डाच्या कोपऱ्यावर रेघ ओढली आणि ती जांभळी राहिली तर बोर्ड ठीक, पिवळी पडली तर आम्ल.

धरून ठेवायला सगळ्यात चांगले पॉलिस्टर फिल्मचे कोपरे. फोटो अल्बममध्ये असतात तसे कोपरे कापून दुमडायचे, बोर्डाला चिकटवायचे आणि मुखपृष्ठ त्यांत सरकवायचं. मुखपृष्ठाला गोंदाचा थेंबही लागत नाही. कोपऱ्यात कागदाला केसभर मोकळीक ठेवा, पावसाळ्यात तो वाढेल तेव्हा ती लागते.

कागद फार ठिसूळ असेल, कोपरे झिजलेले असतील तर वरच्या कडेला जपानी टिश्यूच्या, म्हणजे पातळ पण चिवट कागदाच्या, दोन पट्ट्यांवर तो टांगायचा. खालची कड मोकळीच. या पट्ट्या लावायला जगभर कागद-संवर्धक गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतात आणि ती बाहेरून मागवायची आपल्याला गरज नाही, कारण विदर्भातल्या घराघरांत उन्हाळ्यात कुरड्यांसाठी गव्हाचा चीक निघतो. तोच हा. गहू तीन दिवस पाणी बदलत भिजवायचे, वाटायचे, गाळायचे आणि चीक तळाशी बसू द्यायचा. कुरडईसाठी एवढं पुरतं. आपल्या कामासाठी तळाशी बसलेला चीक स्वच्छ पाण्यानं आणखी तीन-चार वेळा धुवा. वरचं पाणी ओतलं की नवं घाला, ढवळा, पुन्हा बसू द्या. आंबूस वास पूर्ण गेला पाहिजे. मीठ, हिंग, पापडखार काही नको. मग ताटात पातळ पसरून सुकवा, ही भुकटी वर्षभर टिकते.

खळ करताना एक वाटी भुकटीला चार-पाच वाट्या पाणी घेऊन तासभर भिजू द्या, मग अगदी मंद आचेवर ढवळत राहा. दुधाळ पांढरेपणा जाऊन ती पारदर्शक, लकाकणारी आणि घट्ट होते. गार झाली की तलम कापडातून दाबून काढा, लागेल तेवढं पाणी घालून सायीइतकी पातळ करा. फ्रीजमध्ये काही दिवस राहते, वास आला की फेकून द्या. या खळीचा मोठा गुण असा की पन्नास वर्षांनीही थोड्या ओलीनं ती सुटते. बाजारातल्या पांढऱ्या गोंदाला हे जमत नाही आणि सेलोटेप तर काही वर्षांत पिवळा, तेलकट ओघळ कायमचा मागे ठेवते.

मैद्याच्या खळीत मोरचूद घालायची बाइंडिंगवाल्यांची जुनी रीत आहे, कसर लागू नये म्हणून. चित्रांच्या कागदाला ती खळ लावू नका. मोरचुदातलं तांबं कागदाच्या तंतूंची झीज वाढवतं. कसरीची भीती असेल तर खळ अगदी थोडी लावणं आणि फ्रेम नीट बंद करणं हाच बंदोबस्त.

आता बंद करणं. काच, माऊंट, मुखपृष्ठ, बोर्ड आणि त्याच्या मागे पॉलिस्टर फिल्मचा एक पूर्ण ताव, अशी चवड एकत्र धरून चारी कडांना चांगल्या चिकटपट्टीनं सील करा आणि मगच ती फ्रेममध्ये उतरवा. चिकटपट्टी मुखपृष्ठाला कुठेही लागता कामा नये. ही चवड जवळपास हवाबंद झाली की बाहेर कूलर चालो वा पाऊस पडो, आतला कागद बराच काळ त्याच्या पॅकिंगच्या दिवसाच्या हवेत राहतो. म्हणूनच तो दिवस महत्त्वाचा. जुलैमध्ये बंद केलं तर पावसाळा आत कोंडला जातो. मेमध्ये केलं तर कागद फारच कोरडा आणि आक्रसलेला असतो. नागपुरात दिवाळी ते संक्रांत हा काळ सर्वांत योग्य. यंत्रावर ४५-५० दिसलं की कामाला बसा, आणि बोर्ड-माऊंटही दोन दिवस आधीपासून त्याच खोलीत उघडे ठेवा.

शेवटी फ्रेमच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाचे किंवा रबराचे छोटे ठोकळे लावा. भिंत आणि फ्रेममध्ये अर्धा सेंटिमीटर हवा खेळली की तापलेल्या भिंतीचा त्रास निम्म्यावर येतो. पैसे खर्च करायचे नसतील तर निदान एवढं करा, आणि फ्रेम कूलरच्या झोतातून हलवा.

चित्र निळसर पडत चाललं असेल तर

हा आजार वेगळा, पण त्याच भिंतीवर होतो. चाररंगी छपाईत गुलाबी आणि पिवळी शाई उजेडात आधी उडते, निळी आणि काळी टिकते. म्हणून बऱ्याच फ्रेममधल्या जुन्या नायिकांचे चेहरे निळसर, फिकट दिसतात. साधी काच अतिनील किरणांचा मोठा भाग आत येऊ देते. ते अडवणारी काच मिळते, तिनं वेग कमी होतो, थांबत नाही. उडालेला रंग परत येत नाही. संग्रहालयं कागदावरच्या कामाला ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास उजेड ठेवतात. आपल्या हॉलमध्ये खिडकीजवळ दिवसा त्याच्या कितीतरी पट असतो.

यावर माझं मत स्पष्ट आहे: मूळ मुखपृष्ठ वर्षातून तीन-चार महिने भिंतीवर, थंडीत. उरलेला काळ पेटीत. त्या काळात भिंतीवर त्याची चांगली छापील प्रत लावा. घरच्या वापरासाठी प्रत काढायला अडचण नाही, विकायला मात्र काढू नका. आपल्या कायद्यात चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, म्हणजे दलालांच्या चित्रांवरचा २०३१ संपेपर्यंत आणि मुळगावकरांच्या २०३६ संपेपर्यंत.

पूर्ण अंक असेल तर मुखपृष्ठ फाडू नका

रद्दीतून अख्खा अंक मिळाला की लोक मुखपृष्ठ काढून घेतात आणि आतला अंक टाकून देतात. हे बघवत नाही. १९५२ पासून निघालेला मराठी ‘चांदोबा’ असो, १९३० मध्ये सुरू झालेलं ‘स्त्री’ असो की १९७१ चा ‘किशोर’, मुखपृष्ठावरच्या चित्राचा धागा पुष्कळदा आतल्या गोष्टीशी किंवा त्या महिन्याशी जोडलेला असतो. चित्रकाराचं नाव आतच कुठेतरी बारीक अक्षरात छापलेलं असतं. ‘आवाज’ या विनोदी दिवाळी अंकाच्या खिडकी-चित्रांची तर मजाच वरचं पान उलटून आत बघण्यात आहे. ती काचेखाली सपाट दाबून काय दाखवणार?

अंक अख्खाच दाखवायचा असेल तर खोल पेटीसारखी फ्रेम करा. अंक बोर्डावर टेकवून पॉलिस्टरच्या दोन रुंद पट्ट्यांनी सैल बांधा, एक वरच्या तृतीयांशावर, एक खाली. खालून एक पट्टी आधाराला द्या, म्हणजे सगळं वजन कण्यावर येत नाही.

बसवण्याआधी कण्याच्या पिना तपासा. गंजल्या असतील तर गंजाचा डाग मुखपृष्ठावर येतोच. अंक मधल्या पानावर उघडा, पिनेचे दुमडलेले पाय बोथट चपट्या पात्यानं सरळ उभे करा आणि पिन बाहेरच्या बाजूनं हळूच ओढून काढा. गंजलेली पिन ओढताना भोकाभोवतीचा कागद बोटानं दाबून धरा. नंतर त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा ओवून आतल्या बाजूला सैल गाठ मारा. नवी लोखंडी पिन मारू नका.

पेटीत ठेवायचे अंक उभे रचू नका, आडवे ठेवा, एकावर एक आठ-दहापेक्षा जास्त नकोत. प्रत्येकाला पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची पिशवी द्या. प्लॅस्टिकचा तीव्र वास येणाऱ्या, हाताला चिकटणाऱ्या पीव्हीसीच्या फाइली टाळा, त्या शाई ओढून घेतात. पेटी लोखंडी कपाटाच्या मधल्या फळीवर ठेवा आणि पोळ्याच्या आसपास, पाऊस जरा उघडला की, एकदा सगळे अंक बाहेर काढून पंख्याखाली चाळा. कसर, बुरशी, नवा गंज, जे काही असेल ते तेव्हाच हाती लागतं.